आहाराच्या गणितात जीभ कधी आली?

अमेरिकी अर्थतज्ज्ञ जॉर्ज स्टिग्लर यांनी १९४५ साली एक हिशेब मांडला. एका प्रौढ पुरुषाचं वर्षभराचं पोषण कमीत कमी किती पैशांत भागेल? ७७ पदार्थ आणि ९ पोषकघटक घेऊन, अंदाजाने चाचपडत त्यांनी १९३९च्या भावांनुसार उत्तर काढलं: वर्षाला ३९.९३ डॉलर. यादीत गव्हाचं पीठ, डबाबंद आटवलेलं दूध, कोबी, पालक आणि वाळवलेला घेवडा, एवढंच. नुसतं पीठच ३७० पौंड, म्हणजे रोज जवळपास अर्धा किलो! असं कुणी जेवावं, असं खुद्द स्टिग्लर यांचंही म्हणणं नव्हतं.

१९४७मध्ये गणितज्ञ जॉर्ज डँटझिग यांची सिम्प्लेक्स पद्धत (घातलेल्या अटी पाळून कमीत कमी किंवा जास्तीत जास्त उत्तर शोधायची ठरलेली रीत) आली आणि तिच्या चाचणीसाठी हेच गणित निवडलं गेलं. हाताने चालवायच्या यंत्रांवर १२० मनुष्यदिवस खपून उत्तर निघालं ३९.६९ डॉलर. स्टिग्लर फक्त २४ सेंटांनी चुकले होते.

खरी गंमत पुढे झाली. पन्नासच्या दशकात डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं, तेव्हा डँटझिग यांनी स्वतःचाच आहार संगणकाला ठरवू दिला. उष्मांक मर्यादित, पण पोट भरल्यासारखं वाटावं म्हणून पाणी वगळून उरणारं अन्नाचं वजन जास्तीत जास्त. संगणकाने सुचवलं ५०० गॅलन व्हिनेगर! आकडेवारीत व्हिनेगरमधलं पाणी शून्य धरलं होतं, म्हणून त्याचं सगळं वजन अन्नात मोजलं गेलं. व्हिनेगर काढलं, तर दिवसाला २०० सूपच्या वड्या आल्या. त्यांनी वड्या गरम पाण्यात घालून चाखूनही पाहिल्या, निव्वळ खारट. मग वड्यांवर कमाल मर्यादा घातली, तर कोंड्याचा ढीग पुढे आला. एकेका पदार्थावर अशी वेसण घालत बसणं, हाच या पद्धतीचा कच्चा दुवा.

चव गणितात घ्यायचे प्रयत्न व्हिक्टर स्मिथ यांनी १९५९च्या सुमारास केले. १९६४मध्ये जोसेफ बालिंटफी यांनी तर गणिताचा घटकच बदलला: सुटे जिन्नस सोडून तयार पदार्थ निवडायचे. माणूस पीठ खात नाही, पिठाचं काहीतरी खातो, हे सूत्रात यायला इतकी वर्षं लागली.

माझ्या मते सगळ्यात शहाणा बदल उद्दिष्टातला. ‘स्वस्तात स्वस्त’ऐवजी ‘सध्याच्या खाण्यापासून कमीत कमी फारकत’. फ्रान्समध्ये निकोल दार्मों यांनी २००२च्या सुमारास असं काम केलं. प्रत्येक पदार्थातल्या फरकाचा वर्ग (फरक गुणिले फरक) घेतला, तर एकाच पदार्थातली मोठी उलथापालथ गणिताला महाग पडते आणि गणित आपोआप थोडा-थोडा बदल अनेक पदार्थांत वाटून देतं.