गेम अडखळतो की हँग होतो? नव्या पीसीत आधी हे ओळखा

‘गेम फ्रीझ होतो’ या एकाच तक्रारीखाली दोन वेगळे बिघाड येतात. एकात गेम क्षणभर अडखळतो आणि पुढे चालू लागतो. दुसऱ्यात अख्खा पीसी हँग होतो आणि पॉवरचं बटण दाबून धरल्याशिवाय सुटका नसते. चित्र थांबतं त्या क्षणी दोन्ही सारखेच वाटतात. पण अडखळण्यात एखादा भाग वेळेवर काम पुरं करत नसतो, तर हँग होण्यात एखादा भाग चुकतो किंवा उत्तर द्यायचाच थांबतो.

हा फरक महत्त्वाचा, कारण उपाय कधीकधी अगदी उलटे असतात. रॅमचंच बघा. बायॉसमध्ये (पीसी सुरू होतानाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) एक्सएमपी किंवा एक्सपो हे रॅमच्या जाहीर वेगाचं प्रोफाइल सुरू केलं नसेल, तर 6000 (मेगाट्रान्सफर प्रति सेकंद) म्हणून घेतलेली डीडीआर5 रॅम साधारण 4800 वर चालते आणि गेम अडखळू शकतो. तिथे प्रोफाइल सुरू करायचं. पण पीसी हँग होत असेल तर तेच प्रोफाइल बंद करून बघायचं. कारण तो वेग म्हणजे एक प्रकारचं ओव्हरक्लॉकिंगच, म्हणजे ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवणं. रॅम, मदरबोर्ड आणि प्रोसेसरचा मेमरी कंट्रोलर या तिघांना तो झेपायला हवा.

चित्र थांबलं की लगेच पॉवर बटणाकडे जाऊ नका. घड्याळ लावून एक मिनिट थांबा आणि तेवढ्यात तीन गोष्टी तपासा. आवाज चालू आहे, की एकच तुकडा घरघरत राहिलाय? कॅप्स लॉक दाबल्यावर कीबोर्डचा दिवा बदलतो का? आणि विंडोज, कंट्रोल, शिफ्ट व बी ही चार बटणं एकदम दाबल्यावर पडदा लुकलुकून चित्र परत येतं का? या चार बटणांनी ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. आवाज घरघरतोय, दिवा बदलत नाही आणि मिनिटभराने काहीच हललं नाही, तर तो पक्का हँग. दिवा बदलतोय, आवाजही नीट आहे, तर पीसी जिवंत आहे. अडकलाय तो गेम किंवा ग्राफिक्स ड्रायव्हर.

अडखळत असेल तर

सरासरी एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम) बघून काही कळत नाही. 60 एफपीएसला प्रत्येक फ्रेमच्या वाट्याला 16.7 मिलिसेकंद येतात. मधेच एका फ्रेमने 150 घेतले, तर डोळ्याला झटका बसतो, पण सरासरी जेमतेम हलते. आफ्टरबर्नर या ग्राफिक्स कार्डाच्या प्रोग्रामसोबत येणाऱ्या रिव्हाट्यूनरमध्ये फ्रेमटाइमचा (प्रत्येक फ्रेमला लागलेल्या वेळेचा) आलेख लावा आणि झटके कधी येतात ते बघा. त्या ‘कधी’तच बहुतेक वेळा उत्तर असतं.

नव्या जागी पहिल्यांदा गेल्यावर झटका येतो, त्याच जागी दुसऱ्यांदा येत नाही: हे शेडर, म्हणजे दृश्य रंगवणारे ग्राफिक्स कार्डाचे छोटे प्रोग्राम, तयार होण्याचं काम. ड्रायव्हर बदलला की हे शेडर पुन्हा तयार करावे लागतात, म्हणून अपडेटनंतर त्रास काही वेळ परत येतो. यात हार्डवेअरचा दोष नाही, सुटे भाग बदलू नका. पंधरा-वीस मिनिटं गेम छान चालतो आणि मग अडखळायला लागतो, तर दोन संशयित: भरलेली व्हीरॅम (ग्राफिक्स कार्डाची स्वतःची मेमरी) आणि उष्णता. व्हीरॅमसाठी फक्त टेक्स्चर एक पायरी खाली आणा. बाकीची सेटिंग्ज कमी करून तितका फरक पडत नाही. उष्णतेसाठी एचडब्ल्यूइन्फो या प्रोग्राममध्ये प्रोसेसरचं तापमान आणि क्लॉक (वेग) एकत्र बघा. रायझन 7000 मालिकेतल्या एक्सवाल्या प्रोसेसरवर पूर्ण भाराखाली 95 अंश दिसले तर घाबरायचं कारण नाही, ती त्यांची ठरवलेली मर्यादा आहे. पण साध्या गेममध्येही तिथे पोचत असेल आणि क्लॉक कोसळत असेल, तर कूलर उतरवून बघा. तळाची प्लास्टिकची पट्टी तशीच राहिलेली असणं नव्या जुळणीत नवलाचं नाही.

झटके सुरुवातीपासूनच असतील तर टास्क मॅनेजरमध्ये रॅमचा वेग आणि वापरलेले स्लॉट बघा. रॅमच्या दोन काड्या असतील तर प्रोसेसरच्या बाजूने मोजून सहसा दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये हव्यात. शेजारी-शेजारी बसवल्या तर बहुतेक मदरबोर्डवर ड्युअल चॅनेल (दोन्ही काड्या एकाच वेळी वापरणं) मिळत नाही. सीपीयू-झेड या प्रोग्राममध्ये 6000 च्या जागी 3000 दिसेल, त्याने गोंधळू नका. तिथे निम्मा आकडाच दिसतो. एएमडीच्या जुन्या एएम4 सॉकेटचा मदरबोर्ड असेल तर बायॉसची तारीखही बघा. काही रायझन पीसींमध्ये एफटीपीएम या सुरक्षेच्या सोयीमुळे अधूनमधून झटके येतात हे एएमडीने 2022 मध्ये मान्य केलं आणि दुरुस्ती बायॉसमधून दिली. जुना माल खोक्यातून थेट आला असेल तर ती त्यात नसेल.

हँग होत असेल तर

आधी विंडोजमधला इव्हेंट व्ह्यूअर उघडून हँगच्या वेळेच्या नोंदी बघा. कर्नल-पॉवर 41 ही नोंद दिसताच पॉवर सप्लाय बदलायला निघू नका. तिचा अर्थ एवढाच की पीसी नीट बंद झाला नव्हता. बटण दाबून बंद केल्यावरही ती येते. कामाच्या नोंदी वेगळ्या. डब्ल्यूएचईए-लॉगरच्या नोंदी हार्डवेअरने स्वतः कळवलेली चूक सांगतात. ‘डिस्प्ले’ची 4101 ही नोंद म्हणजे ग्राफिक्स ड्रायव्हरने उत्तर दिलं नाही आणि विंडोजने तो परत उठवला; विंडोज त्यासाठी 2 सेकंद वाट बघतं. आणि ‘रीसेट टू डिव्हाइस’ असा मजकूर असलेली 129 क्रमांकाची नोंद स्टोरेजकडे बोट दाखवते. सगळं थिजतं, मग काही सेकंदांनी आपोआप सुटतं, आणि नेमकी त्याच वेळेची 129 नोंद सापडते: तिथे एसएसडी काढून पुन्हा घट्ट बसवा, तिचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करा.

मग एक्सएमपी किंवा एक्सपो बंद करून तोच गेम तेवढाच वेळ खेळा. हँग थांबला तर रॅमची बाजू नक्की तपासायची. पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट86 या रॅम तपासणाऱ्या प्रोग्रामचे पूर्ण 4 फेरे चालवा. एकही चूक चालणार नाही. ‘दोनच आल्या’ असं म्हणून सोडून देऊ नका. चूक आली की एकेक काडी दुसऱ्या स्लॉटमध्ये लावून वेगळी तपासा.

रॅम निर्दोष निघाली तर गेम 60 एफपीएसवर बांधून बघा. तेवढ्याने हँग थांबला, तर विजेचा किंवा उष्णतेचा संशय बळावतो, कारण कार्डावरचा भार बराच उतरलेला असतो. कार्डाला दोन 8-पिन जोडण्या असतील तर पॉवर सप्लायपासून दोन वेगळ्या केबल आणा, एकाच केबलची दोन टोकं लावू नका. एका 8-पिन जोडणीची मर्यादा 150 वॉट आहे. बारीक 16-पिन जोडणी फट अजिबात दिसणार नाही इतकी आत ढकला आणि केबल पहिले तीन-चार सेंटिमीटर सरळ ठेवा. कार्ड रायझर केबलवर (मदरबोर्डच्या स्लॉटपासून कार्डापर्यंतच्या केबलवर) उभं बसवलं असेल तर बायॉसमध्ये तो स्लॉट जेन 3 या कमी वेगावर आणून बघा.

इंटेलच्या 13व्या किंवा 14व्या पिढीचा आय7 किंवा आय9 डेस्कटॉप प्रोसेसर असेल तर बायॉस अपडेट सगळ्यात आधी. जास्त व्होल्टेजमुळे हे प्रोसेसर हळूहळू अस्थिर होत होते. दुरुस्तीचे मायक्रोकोड (बायॉसमधून प्रोसेसरला मिळणाऱ्या सूचना) 2024 मध्ये आले. मात्र जो प्रोसेसर आधीच बिघडलाय तो त्याने बरा होत नाही, बदलूनच घ्यावा लागतो. इंटेलने त्यांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली ती म्हणूनच. बायॉस अपडेट करण्यापूर्वी सेटिंग्ज डिफॉल्टवर आणा. हँग होणाऱ्या रॅमवर मधेच अपडेट अडकलं तर मदरबोर्डच बंद पडू शकतो.

आता उरतो तो पेच: एक्सपो बंद केल्यावर हँग थांबला, पण गेम अडखळायला लागला. मधली पायरी वापरा. प्रोफाइल सुरू ठेवून वेग 6000 वरून 5600 करा. पहिल्या वेळी पीसी सुरू व्हायला काही मिनिटं लागतील आणि पडदा काळा राहील. रॅमची जुळवणी चालू असते, बंद करू नका. चार काड्या असतील तर दोन काढा. रायझन 7000 वर चार काड्यांसाठी एएमडीचा अधिकृत वेग फक्त 3600 आहे, त्यामुळे चौघी 6000 वर चालतील ही अपेक्षाच जादा. दोन काड्या, 5600 आणि तरीही मेमटेस्टमध्ये चूक, तर ती रॅम वॉरंटीत परत द्या.