कुलूप टॉवरचं नाही, सिमचं

अमेरिकेत हप्त्यांवर घेतलेला फोन मुंबईच्या विमानतळावर सुरू केला की तो इथला टॉवर पकडतो. रोमिंगवर कॉल लागतो, नकाशा उघडतो, मेल येतात. त्याच फोनमध्ये, त्याच टॉवरखाली उभं राहून अमेरिकेतलं सिम काढून आपल्याकडचं घाला. लगेच पडद्यावर येतं, ‘सिम नॉट सपोर्टेड’. वायफाय लावलं तर व्हॉट्सॲप चालतं, फोटो निघतात, फक्त नंबर म्हणून तो फोन कामाचा राहत नाही.

हे नीट समजून घेतलं तर परदेशातून फोन आणताना होणाऱ्या निम्म्या चुका टळतात. फोन ‘लॉक्ड’ असतो म्हणजे तो एखाद्या देशाला किंवा टॉवरला बांधलेला नसतो. तो एका कंपनीच्या सिमला बांधलेला असतो.

प्रत्येक सिममध्ये आयएमएसआय नावाचा एक आकडा असतो, जास्तीत जास्त १५ अंकांचा. पहिले तीन अंक देशाचे. भारताचे ४०४ आणि ४०५, अमेरिकेचे ३१०पासून पुढचे काही. त्यानंतरचे दोन किंवा तीन अंक कंपनीचे. आपल्याकडे हे अंक दूरसंचार मंडळानुसारही (सेवेसाठी देशाचे जे विभाग पाडले आहेत त्यांनुसार) बदलतात: ४०४-९० म्हणजे एअरटेलचं महाराष्ट्र-गोवा मंडळ, ४०४-९२ म्हणजे एअरटेल मुंबई, ४०४-६६ म्हणजे बीएसएनएल महाराष्ट्र. अमेरिकेत ३१०-२६० टी-मोबाइलचा आणि ३१०-४१० एटी अँड टीचा. फोन सुरू होताना त्याचा मॉडेम (नेटवर्कशी बोलणारा भाग) सिममधून हा आकडा वाचतो आणि स्वतःकडच्या यादीशी ताडून पाहतो. यादीत फक्त ३१०-२६० असेल आणि सिमने ४०४-९० सांगितलं, तर मॉडेम नेटवर्कवर नोंदणी करायलाच जात नाही. टॉवरपर्यंत गोष्ट पोचतच नाही. रोमिंगमध्ये सिम अमेरिकेतलंच असतं, आकडा यादीत बसतो, म्हणून फोन बिनतक्रार चालतो. (११२ला लावलेला आपत्कालीन कॉल मात्र लॉक्ड फोनवरूनही जातो.)

जुन्या नोकियाच्या काळात ही यादी फोनच्या पोटातच असे आणि कुलूप उघडणारा आकडी कोड दाबून ती काढता येई. कोड मोजक्याच वेळा चुकलेला चाले, मग कोड दाबून कुलूप उघडणं बंद होई. आयफोनमध्ये प्रकार वेगळा आहे. फोन पहिल्यांदा सुरू करताना तो ॲपलच्या सर्व्हरला आपला आयएमईआय (प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक) कळवतो आणि ‘हा फोन कोणत्या सिमवर चालू द्यायचा’ याचं सही केलेलं उत्तर घेतो. म्हणजे कुलूप तुमच्या हातात, पण किल्ली ॲपलच्या सर्व्हरवर, आणि ती फिरवायला सांगण्याचा अधिकार फक्त मूळ मोबाइल कंपनीला. गल्लीतल्या दुकानदाराने कितीही वायरी जोडल्या तरी ती नोंद बदलत नाही.

तरीही ‘करून देतो’ म्हणणारे भेटतात. बऱ्याचदा ते सिमच्या खाली एक कागदाइतकी पातळ चिप चिकटवतात. मॉडेमने सिमला ‘तू कोण’ विचारलं की ही चिप मध्येच अमेरिकी कंपनीचा आकडा सांगते आणि पुढचं काम खऱ्या सिमवर सोडते. सॉफ्टवेअरचं अपडेट आलं की ही युक्ती अनेकदा बंद पडते, फोन रीसेट केला की सगळं पहिल्यापासून. अशा फोनला ‘अनलॉक्ड’ म्हणून विकणं ही सरळ फसवणूक आहे. सेकंडहँड फोन घेताना सिमचा ट्रे स्वतः बाहेर काढून पाहा. सिमला काही चिकटलेलं दिसलं तर व्यवहार तिथेच थांबवा.

मुळात कंपन्या कुलूप लावतात ते हप्ते बुडू नयेत म्हणून. अमेरिकेत ‘फुकट’ फोनची जाहिरात असते, तिचा हिशोब एकदा मांडून पाहावा. समजा ८०० डॉलरचा फोन ३६ महिन्यांवर घेतला. महिन्याला २२ डॉलर २२ सेंटचा हप्ता लागतो आणि तेवढीच सूट बिलात मिळते, म्हणून फोन फुकट वाटतो. आता एखादा विद्यार्थी वर्षभराने कायमचा परत निघाला. उरलेले २४ हप्ते, म्हणजे सुमारे ५३३ डॉलर, एकदम भरावे लागतात आणि पुढची सूट बंद होते. ते पैसे भरल्याशिवाय कंपनी कुलूप काढत नाही. वर ही सूट बहुधा महागड्या प्लॅनवरच मिळते, म्हणजे १२ महिने जादा बिलही भरलेलं असतं. ज्याला दोन-तीन वर्षांच्या आत परतायचं आहे, किंवा जो फोन घरच्यांसाठी भेट म्हणून पाठवायचा आहे, त्यासाठी हप्त्याचा फोन घेऊच नये.

सुरुवातीलाच अनलॉक्ड घेतलेला फोन फारसा महाग नसतो. आयफोन १२ २०२०मध्ये आला तेव्हा मोबाइल कंपनीच्या जोडणीसह तो ७९९ डॉलरला होता आणि कोणत्याही जोडणीशिवाय ८२९ला. फरक ३० डॉलरचा. ॲपलच्या दुकानात किंवा संकेतस्थळावर घेताना ‘कनेक्ट टू एनी कॅरिअर लेटर’ हा पर्याय निवडायचा, तो फोन सुरुवातीपासून मोकळा असतो. मोठ्या दुकानांमध्ये एकाच मॉडेलचे दोन खोके शेजारी असतात, एकावर कंपनीचं नाव आणि दुसऱ्यावर ‘अनलॉक्ड’. पावतीवरही तोच शब्द आहे ना, ते काउंटर सोडण्यापूर्वी वाचावं. सर्वांत स्वस्त दिसणारे प्रीपेड फोन मात्र सर्वांत घट्ट बांधलेले असतात. टी-मोबाइलच्या प्रीपेड फोनला एक वर्ष आणि एटी अँड टीच्या प्रीपेडला सहा महिने सेवा चालू ठेवावी लागते, तेव्हा कुठे कुलूप काढण्याचा अर्ज करता येतो. पोस्टपेडला अट अशी: एटी अँड टीवर किमान ६० दिवस, टी-मोबाइलवर ४० दिवस वापर आणि फोनची पूर्ण रक्कम चुकती. व्हेरायझनचे फोन बरीच वर्षं ६० दिवसांनी आपोआप सुटत. ७०० मेगाहर्ट्झच्या लहरी २००८च्या लिलावात घेताना कंपनीने पत्करलेल्या अटीतून ही सोय आली होती. २०२५मध्ये कंपनीने तिच्यातून सूट मागितली, म्हणून त्या जुन्या ६० दिवसांवर विसंबून राहू नका. ज्या दिवशी फोन घ्याल त्या दिवशीचे कंपनीचे लेखी नियम वाचा.

कायद्याचीही बाजू आहे. जानेवारी २०१३पासून अमेरिकेत कंपनीच्या परवानगीशिवाय नव्या फोनचं कुलूप काढणं कॉपीराइटच्या नियमात बेकायदेशीर ठरलं होतं. लोकांनी आवाज उठवला आणि ऑगस्ट २०१४मध्ये ओबामांच्या सहीने ग्राहकाला तो हक्क परत देणारा कायदा आला. कॅनडाने त्याहून चांगलं केलं: १ डिसेंबर २०१७पासून तिथे विकला जाणारा प्रत्येक फोन मोकळाच असला पाहिजे. ब्रिटननेही डिसेंबर २०२१पासून लॉक्ड फोन विकायला मनाई केली. टोरांटो किंवा लंडनहून नवा फोन आणणाऱ्याला ही काळजी जवळजवळ नसते, अमेरिकेतल्या सॅन होजेहून आणणाऱ्याला असते.

आता लॉक्ड फोन हातात आहेच आणि परतायची तिकिटं काढली आहेत, असं धरू. सर्व काम अमेरिकेत असतानाच, निघण्याच्या किमान दोन आठवडे आधी उरकायचं. उरलेली रक्कम भरा आणि ती खात्यावर जमा दिसेपर्यंत थांबा. डायलरवर *#०६# दाबून १५ अंकी आयएमईआय घ्या. तो सेटिंगमधल्या आकड्याशी जुळवा आणि कंपनीच्या पानावर अर्ज करा. मंजुरीचा मेल आला म्हणजे काम झालं असं नाही. आयफोनमध्ये सेटिंग्ज, जनरल, अबाउट असं जाऊन ‘कॅरिअर लॉक’ ही ओळ पाहा. तिथे ‘नो सिम रिस्ट्रिक्शन्स’ असं आलं पाहिजे. न आल्यास दुसऱ्या कंपनीचं सिम घाला. ते हाताशी नसेल तर बॅकअप घेऊन फोन पूर्ण पुसा आणि पुन्हा चढवा, म्हणजे तो सर्व्हरला नव्याने विचारतो. टी-मोबाइलच्या सॅमसंगवर सेटिंगमध्येच ‘नेटवर्क अनलॉक’चा पर्याय असतो. त्यात तात्पुरता आणि कायमचा असे दोन प्रकार आहेत. तात्पुरता निवडला तर कुलूप महिन्याभराने पुन्हा लागतं, म्हणजे ऐन पुण्यात. शेवटी, मित्राचं दुसऱ्या कंपनीचं सिम घालून एक कॉल लावून पाहा. त्याहून खात्रीची परीक्षा नाही.

भारतात येऊन हा अर्ज करणं का अवघड जातं? कंपनीला तिच्याच नेटवर्कवरचा ठरावीक दिवसांचा वापर हवा असतो, खातं बंद झालेलं असतं आणि ओळख पटवण्याचा ओटीपी त्या बंद नंबरवर जातो.

कुलूप निघालं तरी आणखी दोन गोष्टी तपासायच्या राहतात, आणि लोक त्या कुलपाशीच गल्लत करतात.

पहिली, काळी यादी. मूळ मालकाने हप्ते थकवले किंवा फोन चोरीला गेल्याची तक्रार दिली, तर त्याचा आयएमईआय काळ्या यादीत जातो. फोन अनलॉक्ड असूनही तो यादीत असू शकतो, आणि विक्रीनंतर महिन्याभरानेही जाऊ शकतो. भारताची अशी यादी सीईआयआर नावाने दूरसंचार विभाग चालवतो. मे २०२३पासून ‘संचार साथी’ पोर्टलवरून ती सगळ्यांना वापरता येते. इंग्रजीत केवायएम ही तीन अक्षरं, मग जागा सोडून आयएमईआय, असा एसएमएस १४४२२ला पाठवला की भारतातली नोंद कळते. आयफोनवर जुन्या मालकाचं ॲपल खातं चिकटलेलं असणं हे आणखी निराळं कुलूप. ते फक्त तो मालकच काढू शकतो.

दुसरी गोष्ट लहरींची. कुलूप काढल्याने फोनच्या आतले भाग बदलत नाहीत. फोनमध्ये प्रत्येक बँडसाठी (म्हणजे लहरींच्या ठरावीक पट्ट्यासाठी) त्याच लहरी आत घेणारे आणि बाकीच्या अडवणारे छोटे फिल्टर असतात. तो फिल्टर बसवलेलाच नसेल तर कुठलंही सॉफ्टवेअर तो बँड आणून देणार नाही. जिओचं ४जी बँड ३, ५ आणि ४० वर चालतं, म्हणजे अनुक्रमे १८००, ८५० आणि २३०० मेगाहर्ट्झ. अमेरिकी कंपन्यांचा भर २, ४, १२, १३, ६६, ७१ अशा बँडवर. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनमध्ये दोन्हीकडचे बँड असतात, तिथे प्रश्न येत नाही. स्वस्त अँड्रॉइडमध्ये उत्पादक पैसे वाचवायला परदेशी बँड गाळतो. बँड ४० नसेल तर गर्दीच्या भागात वेग पडतो, ५ नसेल तर जाड भिंतींच्या घरात रेंज जाते, कारण ८५०च्या लांब लहरी भिंतीतून जास्त चांगल्या शिरतात. ५जीसाठी एन७८ हा बँड हवाच, जिओकरता एन२८ असलेला बरा. मॉडेलचं नाव पुरत नाही. एकाच नावाखाली देशागणिक वेगळे फोन असतात. खोक्यावरचा पूर्ण मॉडेल क्रमांक घेऊन उत्पादकाच्या पानावर बँडची यादी वाचा. जिओकडे २जी-३जी नाही, त्यामुळे फोनला त्यांच्या नेटवर्कवर व्होल्टी (४जीवरूनच कॉल करण्याची सोय) जमत नसेल तर इंटरनेट चालेल, पण साधा कॉल लागणार नाही.

सॅमसंगचा खोका न उघडता आणत असाल तर त्यावरचं स्टिकर वाचा. काही फोनना सुरुवातीला ज्या प्रदेशात विकले तिथलं सिम घालून एकूण पाच मिनिटं बोलावं लागतं, मग ते इतर प्रदेशांतलं सिम घेतात. भेटवस्तूचा सीलबंद खोका इथे अडतो तो यामुळेच. तिथेच उघडा आणि पाच मिनिटं बोला.

आयफोन १४पासून अमेरिकेतल्या आयफोनला सिमचा ट्रेच नाही, फक्त ई-सिम आहे. जिओ, एअरटेल, वी (व्होडाफोन आयडिया) ई-सिम देतात, त्यामुळे फोन चालतो. पण आईच्या साध्या फोनमधलं सिम काढून यात घालता येत नाही, आधी ते ई-सिममध्ये बदलून घ्यावं लागतं. सिम बदललं की सुरक्षेसाठी २४ तास एसएमएस बंद ठेवले जातात, म्हणजे बँकेचे ओटीपी येत नाहीत. ज्या दिवशी पैसे पाठवायचे असतील त्या दिवशी हे काम काढू नका. जुना फोन जपून ठेवा. ई-सिमचा क्यूआर कोड पडद्यावरून स्कॅन करायला बहुधा दुसरं उपकरण लागतं.

उलट्या दिशेने, इथला फोन घेऊन शिकायला जाणाऱ्यांचं काय? आपल्याकडे दुकानात मिळणारे फोन सहसा मोकळे असतात (जिओफोनसारखे अपवाद सोडून), तेव्हा कुलपाची अडचण नाही. अडचण दुसरी आहे. अमेरिकेतल्या तिन्ही मोठ्या कंपन्यांनी २०२२मध्ये ३जी बंद केलं. एटी अँड टी तर आपल्या मंजूर यादीतल्या मॉडेलनाच व्होल्टीवर घेते. यादीत नसलेला फोन, इथे कितीही उत्तम चालत असला तरी, तिथे कॉलसाठी निरुपयोगी ठरू शकतो. टी-मोबाइल याबाबत सैल आहे, पण तिचं दूरवरचं जाळं बँड ७१वर, म्हणजे ६०० मेगाहर्ट्झवर पसरलेलं आहे आणि भारतात विकल्या जाणाऱ्या बऱ्याच अँड्रॉइडमध्ये तो नसतो. शहरात कळत नाही, गाव सोडून हायवेला लागलं की रेंज जाते. अमेरिकी कंपन्यांच्या संकेतस्थळांवर आयएमईआय टाकून फोन चालेल का ते पाहण्याची सोय आहे. ती पुण्यात बसूनच वापरा, आणि उत्तर ‘नाही’ आलं तर इथे नवा फोन घेऊ नका, तिथे पोचल्यावर अनलॉक्ड घ्या.