‘स्टॉप द म्युझिक’ आणि लॉटरी कशाला म्हणायचं त्याचा घोळ

अमेरिकेतल्या जुन्या गेम शोचा विषय निघाला की सगळे थेट १९५८ च्या क्विझ घोटाळ्यावर येतात, पण त्याच्या आधीची भांडणं जास्त महत्त्वाची आहेत आणि ती एका शब्दावरून झाली.

१९४८ ला रेडिओवर ‘स्टॉप द म्युझिक’ आला, १९४९ ला टीव्हीवर पण. गाणं मधेच थांबायचं, कुणाच्या तरी घरी फोन जायचा आणि गाणं ओळखलं की बक्षीस. त्याच वेळेला ज्याचा प्रोग्राम दुसरीकडे लागायचा अशा एका नावाजलेल्या विनोदी कलाकाराने तर जाहीर केलं की माझा प्रोग्राम ऐकताना तुमचा तो फोन चुकला तर ५००० डॉलरपर्यंत भरपाई मी देतो, तरी १९४९ मध्ये त्याचा प्रोग्राम बंद पडलाच.

त्याच वर्षी रेडिओ-टीव्हीला लायसन्स देणाऱ्या सरकारी कमिशनने नियम काढला की असले शो म्हणजे लॉटरी, आणि लॉटरी प्रसारित करणं हा फौजदारी गुन्हा होता. आता लॉटरी ठरायला बक्षीस, नशीब आणि मोबदला तिन्ही लागतात. पहिले दोन होतेच, अडलं सगळं मोबदल्यावर. लोकांनी खिशातून काही दिलं नव्हतं, मग कमिशन म्हणालं की घरी बसून शो ऐकणं हाच मोबदला, कारण त्या ऐकणाऱ्यांच्या जिवावरच जाहिराती मिळतात. चॅनेलवाले कोर्टात गेले, नियम लागू होण्याआधीच अडकला आणि १९५४ ला सुप्रीम कोर्टाने ८-० ने सांगितलं की घरबसल्या ऐकणं म्हणजे मोबदला नाही, फौजदारी कायद्यातला शब्द इतका ताणता येत नाही. निकाल मला बरोबरच वाटतो, पण ऐकणाऱ्याचा वेळ विकला जातो हे कमिशनने तेव्हा ओळखलं होतं, त्याचं श्रेय त्यांना कुणी देत नाही.

रस्ता मोकळा झाला आणि पुढच्याच वर्षी ६४,००० डॉलरवाला शो आला, मग ‘ट्वेंटी-वन’, स्पर्धकांना आधीच पढवलेली उत्तरं (तोच १९५८ चा घोटाळा), चौकशी, आणि १९६० ला अशी फिक्सिंग गुन्हा ठरवणारा कायदा. तोपर्यंत तो गुन्हाच नव्हता!

मोबदल्याचा प्रश्न आपल्याकडे पण आला. २००७ च्या केबीसीत घरच्या प्रेक्षकांसाठी एसएमएस स्पर्धा होती, भाग घ्यायला पैसे नाहीत असं सांगायचे पण एसएमएसला २ रुपये ४० पैसे पडायचे. ग्राहक आयोगाने २००८ ला १ कोटीचा दंड लावला, बक्षिसं एसएमएसच्याच पैशातून दिली म्हणून, आणि २०१९ ला आपल्या सुप्रीम कोर्टाने पुरावा नाही म्हणून तो रद्द केला.