शनीची कडी: फुटलेला चंद्र की न जमलेला?

१६१० मध्ये गॅलिलिओला शनीच्या दोन्ही बाजूंना चिकटल्यासारखे दोन गोळे दिसले होते. १६१२ मध्ये पाहतो तर ते गायब. त्या वेळी कड्याची फक्त धार पृथ्वीकडे होती आणि ती त्याच्या दुर्बिणीला दिसण्यापलीकडची पातळ होती. ग्रहाला कुठेही न टेकणारे हे सपाट कडे आहे, असे ख्रिस्तियान हायगेन्सने १६५९ मध्ये मांडले, तेव्हा कुठे हे कोडे सुटले.

पण कडे कशाचे? अखंड घन कडे टिकणार नाही, हे लाप्लास या फ्रेंच गणितज्ञाने अठराव्या शतकाच्या अखेरीस दाखवले. तरी अनेक अरुंद घन कडी असतील असे तो मानत होता. केंब्रिजच्या अ‍ॅडम्स पारितोषिकासाठी हाच विषय ठेवला गेला आणि १८५७ मध्ये ते पारितोषिक भौतिकशास्त्रज्ञ जेम्स क्लार्क मॅक्सवेलला मिळाले. त्याची मांडणी आजही वाचताना थक्क करते. घन कडे टिकायचे तर त्याचे सुमारे ८२ टक्के वस्तुमान एकाच ठिकाणी साठलेले हवे, आणि तसे तर दिसत नाही. द्रव कडे असेल तर त्यातल्या लाटाच त्याचे तुकडे करतील. उरते एकच शक्यता: आपापल्या कक्षेत फिरणारे असंख्य सुटे कण. १८९५ मध्ये जेम्स कीलरने वर्णपटावरून कड्याची आतली बाजू बाहेरच्या बाजूपेक्षा वेगाने फिरते हे मोजले. घन कड्यात नेमके उलट झाले असते.

उगमाचा धागा मात्र त्याआधीच, १८४८ मध्ये, एदुआर रोश या फ्रेंच गणितज्ञाच्या हाती लागला होता. ग्रहाच्या फार जवळ गेलेल्या चंद्राची जवळची बाजू दूरच्या बाजूपेक्षा जास्त ओढली जाते. चंद्राची घनता ग्रहाइतकीच असेल आणि तो केवळ स्वतःच्या गुरुत्वावर बांधलेला असेल, तर ग्रहाच्या त्रिज्येच्या २.४४ पट अंतराच्या आत तो फाटतो. शनीची मुख्य कडी या मर्यादेच्या आतच आहेत. ती फुटलेल्या चंद्राची असावीत, असे रोशला वाटले. पण त्याच गणिताचा दुसरा अर्थही निघतो: तिथले द्रव्य कधी चंद्र म्हणून जमूच शकले नसेल.

पुढची शंभरेक वर्षे चर्चा एकट्या शनीची होती. १० मार्च १९७७ ला एक तारा युरेनसआड जाणार होता. तो आड जाण्याआधीच काही वेळा क्षणभर मंदावला, आणि युरेनसची अरुंद कडी सापडली. गुरूची कडी १९७९ मध्ये व्हॉयेजर १ या यानाने दाखवली, नेपच्यूनची १९८९ मध्ये व्हॉयेजर २ ने पक्की केली. गुरूची कडी म्हणजे छोट्या चंद्रांवर उल्का आदळून उडालेली धूळ. सगळ्या कड्यांचा उगम एकच असेल ही अपेक्षा इथेच सोडावी लागते.

शनीचा पेच वेगळा आहे. त्याची कडी ९५ टक्क्यांहून जास्त पाण्याच्या बर्फाची आहेत. चंद्र फुटला असेल तर त्याचा खडक गेला कुठे? रॉबिन कॅनप यांनी २०१० मध्ये उत्तर सुचवले: ग्रह घडत असतानाच टायटनएवढा चंद्र आत सरकत गेला, त्याचे बर्फाचे आवरण सोलले गेले आणि खडकाळ गाभा शनीने गिळला. मला हे उत्तर देखणे वाटते. मात्र त्यानुसार कडी साडेचार अब्ज वर्षांची ठरतात.

२०१७ मध्ये कॅसिनी यान शनी आणि कडी यांच्या फटीतून २२ वेळा गेले. यानावरच्या ओढीवरून कड्यांचे वस्तुमान मिमास या चंद्राच्या जेमतेम दोन पंचमांश निघाले. बाहेरून पडणाऱ्या धुळीने एवढा थोडा बर्फ केव्हाच काळवंडला असता, पण कडी अजून स्वच्छ आहेत, म्हणून त्यांचे वय काही कोटी वर्षांचेच, असा हिशेब पुढे आला. २०२२ मध्ये १० ते २० कोटी वर्षांपूर्वी फुटलेल्या ‘क्रिसॅलिस’ नावाच्या चंद्राची कल्पना मांडली गेली. तिने कड्यांबरोबर शनीच्या कललेल्या अक्षाचाही उलगडा होतो.

२०२४ मध्ये धुळीच्या त्या हिशेबालाच धक्का बसला. प्रचंड वेगाने आदळणारी धूळ वाफ होऊन उडते, बर्फावर फारशी बसतच नाही, असे संगणकीय प्रतिकृतींतून दिसले. तसे असेल, तर कडी स्वच्छ आहेत एवढ्यावरून ती तरुण ठरत नाहीत.