धर्मप्रांतीय परिपत्रक (मराठवाडा)

धर्मप्रांताच्या, म्हणजे एका बिशपच्या अखत्यारीतील ख्रिस्ती मंडळ्यांच्या क्षेत्राच्या, मध्यवर्ती कार्यालयातून फादर, पाळक, पास्टोरेट (एका पाळकाकडे सोपवलेल्या मंडळ्यांचा गट) कमिटीचे पदाधिकारी, कॅटेकिस्ट (धर्मशिक्षक) आणि गावोगावच्या मंडळ्यांचे पंच यांना धाडले जाणारे लेखी पत्रक. नेमणुका व बदल्या, सभांच्या तारखा, खास दानाचे रविवार, हिशेब तपासणीच्या मुदती, कायद्यातले फेरफार आणि निधनवार्ता असा त्यातला मजकूर असतो. सरकारी पत्रासारखा त्यावर जावक क्रमांक, तारीख, सही आणि शिक्का असतो. शेवट मात्र आशीर्वादाने होतो.

मराठवाड्यात अशी पत्रके मुख्यतः दोन कार्यालयांतून निघतात आणि दोन्ही छत्रपती संभाजीनगरातच आहेत. एक चर्च ऑफ नॉर्थ इंडिया (सी.एन.आय.) या प्रोटेस्टंट मंडळीच्या मराठवाडा धर्मप्रांताचे. सहा मंडळ्या एकत्र येऊन २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सी.एन.आय. स्थापन झाली. दुसरे कॅथलिक औरंगाबाद धर्मप्रांताचे. हा धर्मप्रांत १९७७ साली अमरावती धर्मप्रांतातून वेगळा झाला आणि नागपूरच्या महाधर्मप्रांताशी जोडलेला आहे. मेथॉडिस्ट मंडळ्यांत वरून आलेली सूचना जिल्हा सुपरिंटेंडेंटमार्फत खाली उतरते.

धर्मप्रांत होण्याआधी हे काम मिशनऱ्यांच्या पत्रव्यवहारावर चाले. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या संस्थानात होता, तर इथल्या मिशनांचे धागे मुंबई आणि अहमदनगरकडे, म्हणजे ब्रिटिश मुलखात, गेलेले. १८४३ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वस्ती वसवली ती याच काळात. औरंगाबादेत चर्च मिशनरी सोसायटीचे काम रेव्हरंड रतनजी नवरोजी या पारशी समाजातून आलेल्या पाळकांनी सांभाळले. मंडळ्यांच्या बातम्या मराठीत वाचायला मिळत त्या १८४२ साली अहमदनगरहून सुरू झालेल्या ‘ज्ञानोदय’मधून आणि पुढे १९०३ पासून कॅथलिकांच्या ‘निरोप्या’तून. अंतर्गत कारभाराची पत्रे मात्र आजही वेगळीच जातात, आणि तेच योग्य आहे. पाळकाच्या बदलीची बातमी त्याच्या मंडळीने आधी मासिकात वाचावी, हे बरे नव्हे.

पत्रक कार्यालयातून निघाले म्हणजे मंडळीपर्यंत पोचले असे होत नाही. एका धर्मग्रामाला (कॅथलिकांच्या पॅरिशला) किंवा पास्टोरेटला अनेक वाड्या-गावे जोडलेली असतात. फादर किंवा पाळक प्रत्येक गावी दर रविवारी जाऊ शकत नाहीत. मधल्या रविवारी उपासना चालवतो तो कॅटेकिस्ट, ज्याला गाव अजूनही ‘मास्तर’ म्हणून हाक मारते, किंवा मंडळीतला एखादा वडीलधारा पंच. परिपत्रक तिथे पोचते ते त्याच्याच तोंडून. उपदेश संपल्यावर तो उभा राहतो, ‘मंडळीसाठी सूचना’ म्हणतो आणि घडी उलगडून वाचू लागतो. हे वाचन नीट, पुरते आणि सगळ्यांना ऐकू येईल असे झाले पाहिजे. जिथे सेक्रेटरी पत्र वाचून फाइलला लावतो आणि लोकांना फक्त ‘डायसिसचं (धर्मप्रांताचं) पत्र आलंय’ एवढेच कळते, तिथे दानाच्या पैशाबद्दल आणि जागेबद्दल कुजबुज सुरू होते. कॅथलिक धर्मविधिसंहितेच्या (कॅनन लॉ) १२८७व्या कलमानुसार श्रद्धावंतांनी दिलेल्या दानाचा हिशेब त्यांना द्यावा लागतो. १९८३च्या याच संहितेने प्रत्येक धर्मग्रामात अर्थसमिती सक्तीची केली आहे.

परिपत्रकांचा सर्वांत किचकट भाग नोंदवह्यांचा. भारतीय ख्रिश्चन विवाह कायदा १८७२ सालचा. विवाह सकाळी ६ ते संध्याकाळी ७ या वेळेतच लावायचा असा त्यात नियम आहे. परवानाधारक पाळकाला एकाच विवाहाची नोंद दोनदा करावी लागते, एकदा वहीत आणि एकदा तिला जोडलेल्या प्रमाणपत्रावर. दोन्हींवर त्याची, वधूवरांची आणि दोन साक्षीदारांची सही हवी. प्रमाणपत्राचा भाग विवाह निबंधकाकडे जातो. सही राहून गेली तर पुढे पासपोर्टच्या वेळी ते कुटुंब चकरा मारते. म्हणून हीच सूचना पुन्हा पुन्हा निघते आणि तिला कंटाळू नये.

कॅथलिकांत आणखी एक दुवा आहे. लग्न जिथे लागेल तिथल्या फादरांनी, ज्या धर्मग्रामात बाप्तिस्मा झाला तिथे कळवायचे आणि तिथल्या बाप्तिस्मा-वहीत त्या नावापुढे विवाहाची नोंद व्हायची. मुलगी जन्मली वैजापूर तालुक्यात आणि लग्न पुण्यात, तरी तिच्या आयुष्याची मूळ नोंद गावच्या वहीतच राहते. मराठवाड्यासारख्या स्थलांतराच्या मुलखात याचे मोल मोठे. दिवाळीच्या आसपास बीड-जालन्याकडची कुटुंबे ऊसतोडीला बाहेर पडतात ती उन्हाळ्यापर्यंत परतत नाहीत. म्हणजे नाताळ आणि ईस्टरआधीचा उपवासकाळ, दोन्ही त्यांना गावाबाहेरच. सभासद-यादी करताना गैरहजेरीवरून अशांची नावे गाळली जाऊ नयेत, याकडे पास्टोरेट कमिटीने स्वतःहून लक्ष द्यायला हवे.

मालमत्तेची पत्रके थोडक्यात सांगता येतात. नोंदणीकृत धार्मिक न्यासाला महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० लागू आहे. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत बदल अहवाल द्यायचा. स्थावर मालमत्ता विकायची किंवा लांब मुदतीच्या भाड्याने द्यायची तर कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची आधी मंजुरी घ्यायची. जुन्या मिशन कंपाउंडांच्या जागा आज शहरांच्या मध्यात आल्या आहेत. त्यामुळे हे कलम फक्त कार्यालयाला माहीत असून भागत नाही, गावच्या पंचालाही ते ठाऊक हवे. परदेशी देणग्यांबाबत २०२०च्या दुरुस्तीनंतर नवी दिल्लीतील स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतच खाते लागते. तेव्हापासून हिशेबाच्या सूचनांत भर पडली आहे.

आता पत्रक आधी मोबाइलवर येते. फादरांचा, पाळकांचा, महिला मंडळाचा, युवक संघाचा, प्रत्येकाचा ग्रुप वेगळा, आणि फोटो काढताना कधी जावक क्रमांकच कापला जातो. काळजी घेणारे सेक्रेटरी ते छापून, आवक नोंद घालून फाइलला लावतात. बहुधा शाळांच्या उन्हाळी सुटीत बदल्या होतात. त्या वेळी जुने पाळक नव्या पाळकांकडे कार्यभार देताना परिपत्रकांची फाइल, बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या वह्या, प्रभुभोजनाची भांडी, पावतीपुस्तके आणि किल्ल्या यांची यादी करतात. त्या यादीवर दोघांच्या आणि खजिनदाराच्या सह्या होतात आणि तिची एक प्रत धर्मप्रांताच्या कार्यालयात जाते.