'ओ' रक्तही ज्यांना चालत नाही

रक्तगट चार, हे आपण शाळेपासून पाठ केलेलं असतं. आंतरराष्ट्रीय रक्तसंक्रमण संस्थेच्या यादीत मात्र आज रक्तगटांच्या 48 प्रणाली, म्हणजे रक्त ओळखण्याच्या वेगवेगळ्या पद्धती, आहेत, आणि त्यातली 48वी 2025 मध्ये दाखल झाली. ए-बी-ओ ही या यादीतली पहिली प्रणाली. तीसुद्धा आपल्याला पुरती कळलेली नाही, हे जगाला दाखवून दिलं ते मुंबईतल्या संशोधकांनी.

डॉ. वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे आणि एच. एम. भाटिया यांनी लंडनमधल्या सहकाऱ्यांसह 1952 साली 'लॅन्सेट'मध्ये तीन व्यक्तींच्या रक्ताची माहिती प्रसिद्ध केली. तिघांचं रक्त नेहमीच्या चाचणीत 'ओ'सारखं दिसत होतं. पण त्यांच्या रक्तद्रवात इतर कोणाच्या 'ओ' गटाच्या पेशी मिसळल्या, की त्यांच्या गुठळ्या होत. 'ओ' रक्त कोणालाही चालतं असं मानणाऱ्या काळात हा निकाल चाचणीतली चूक म्हणून सहज बाजूला पडू शकला असता. या मंडळींनी तो तसा पडू दिला नाही, याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटतो.

त्यांना काय सापडलं हे समजण्यासाठी तांबड्या पेशीच्या पृष्ठभागाकडे बघावं लागेल. तिथे झाडाच्या फांद्यांसारख्या साखरेच्या लहान लहान साखळ्या बाहेर आलेल्या असतात. या साखळीच्या टोकाला एक विकर (एन्झाइम) 'फ्यूकोज' नावाची साखर जोडतं. त्यातून तयार होतो 'एच' प्रतिजन, म्हणजे शरीर आपलं-परकं ज्यावरून ओळखतं ती खूण. 'ए' गटाच्या माणसात या एचवर आणखी एक साखर चढते, 'बी' गटाच्या माणसात वेगळी चढते, 'एबी'त दोन्ही. 'ओ' गटात काहीच चढत नाही, एच तसाच उघडा राहतो. म्हणजे 'ओ' रक्त कोरं नसतं, त्यावर एच भरपूर असतो. भेंडे यांच्या त्या तीन व्यक्तींमध्ये हा एचच नव्हता, आणि त्यांच्या शरीराला तो परका होता. या गटाला जगभर 'बॉम्बे रक्तगट' म्हणतात. भारतात तो साधारण 10,000 लोकांत एकाचा असतो, युरोपात 10 लाखांत एकाचा.

धोका इथेच आहे. रक्तगट तपासणीच्या कॅम्पमध्ये बोटाला टोचून घेतलेल्या थेंबात फक्त ए आणि बीचा शोध घेतला, तर ही व्यक्ती 'ओ' ठरते आणि कार्डावर तसंच लिहिलं जातं. रुग्णाचा रक्तद्रव 'ओ' पेशींशी तपासला, किंवा युलेक्स नावाच्या काटेरी झुडपाच्या बियांतल्या प्रथिनाने एच शोधला, तरच खरा गट कळतो. रक्त चढवण्याआधी दात्याचं आणि रुग्णाचं रक्त जुळवून बघतात, त्या क्रॉसमॅचमध्येही हे उघड होतं. नेमकी ती पायरी गडबडीत गाळली गेली, तर 'ओ' रक्ताच्या पेशी रुग्णाच्या शरीरात भराभर फुटू लागतात आणि जीव धोक्यात येतो.

घरांतही या गटामुळे कारण नसताना वादळं उठू शकतात. बॉम्बे गटाच्या बाईकडे 'ए'चा जनुक असू शकतो, फक्त साखर चढवायला एचच नसल्यामुळे तो दिसत नाही. नवरा 'ओ' असेल तर बाळाला बापाकडून एच मिळतो, आईकडून 'ए', आणि बाळ 'ए' गटाचं निघतं. कागदावर मात्र आई 'ओ', बाप 'ओ' आणि मूल 'ए'! अशा वेळी बोट आईकडे दाखवण्याआधी घरातल्यांनी आणि डॉक्टरांनीही एचची तपासणी करून घ्यायला हवी. एका साध्या चाचणीने मिटणारी शंका कोणाच्या संसारावर का यावी?

या सगळ्यामागचा जनुक आहे 19व्या गुणसूत्रावरचा 'एफयूटी1'. भारतीय बॉम्बे गटात त्याच्या डीएनएतलं एकच अक्षर बदललेलं आढळतं. त्याच्या शेजारचा, लाळेत एच बनवणारा 'एफयूटी2' जनुक तर बहुतेकदा गायबच असतो, त्यामुळे या व्यक्तींच्या लाळेतही एच सापडत नाही. हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावरच्या भारतीय वंशाच्या लोकांतही हाच बदल सापडला आहे. कामासाठी समुद्रापार गेलेल्या माणसांसोबत तोही पिढ्यान्‌पिढ्या चालत राहिला.

न जुळणाऱ्या एका नमुन्याचा पाठलाग करण्याची ही पद्धत आजही रोज नवं काही देते आहे. 1972 मध्ये एका गर्भवती महिलेच्या तांबड्या पेशींवर जवळपास सर्वांकडे असणारा एक प्रतिजन नसल्याचं लक्षात आलं होतं. तो बनतो कशामुळे, याचं उत्तर ब्रिस्टॉलच्या संशोधकांनी 2024 मध्ये दिलं: 'एमएएल' नावाचा जनुक. हा प्रतिजन नसलेल्या पेशींत त्यांनी निरोगी एमएएल घातला आणि पेशींवर प्रतिजन उगवला. यापेक्षा स्वच्छ पुरावा क्वचितच मिळतो. वर उल्लेख केलेली 48वी प्रणाली कॅरिबियन समुद्रातल्या ग्वादलूप बेटाच्या एका महिलेमुळे कळली. तिच्या रक्ताचा नमुना 2011 मध्ये घेतला होता. पुढे जनुकवाचन स्वस्त आणि वेगवान झालं, तेव्हा कोडं सुटलं. कर्नाटकातल्या एका महिलेच्या हृदयशस्त्रक्रियेच्या वेळी कोणाचंच रक्त जुळेना, आणि त्यातून क्रोमर या रक्तगट प्रणालीतला 'क्रिब' हा नवा प्रतिजन 2025 मध्येच जाहीर झाला.

मग सगळ्यांना चालेल असं रक्त बनवताच येणार नाही का? हा प्रयत्न जुना आहे. कॉफीच्या हिरव्या बियांतल्या विकराने 'बी' गटाची साखर कापून 'ओ' रक्त तयार करता येतं, हे न्यूयॉर्कमध्ये 1982 साली दाखवलं गेलं. 2024 मध्ये डेन्मार्क आणि स्वीडनमधल्या गटांनी आपल्या आतड्यात राहणाऱ्या 'अक्करमान्सिया' या जिवाणूची विकरं वापरली. हा जिवाणू आतड्यातल्या श्लेष्म्यावर, म्हणजे तिथल्या चिकट थरावर, जगतो, आणि त्या श्लेष्म्यातल्या साखरा तांबड्या पेशींवरच्या साखरांसारख्याच असतात. त्या कापायची हत्यारं त्याच्याकडे तयारच होती. या विकरांनी नेहमीच्या ए-बी टोकांसोबत आजवर दुर्लक्षित राहिलेल्या लांब साखळ्याही कापल्या. 'बी' रक्तावर चांगलं यश आलं, 'ए'वर काम बाकी आहे. रक्ताचा साठा अपुरा असणाऱ्या प्रत्येक शहराला याचा उपयोग होईल. बॉम्बे गटाच्या माणसाला मात्र होणार नाही, कारण ए आणि बी कापून खाली उरतो तो एचच.

या लोकांसाठी मला अधिक आशा वाटते ती प्रयोगशाळेत वाढवलेल्या रक्तपेशींची. दात्याच्या रक्तातल्या मूळपेशींपासून तांबड्या पेशी वाढवून त्या दुसऱ्या माणसाला देण्याची पहिली चाचणी ब्रिटनमध्ये 2022 साली जाहीर झाली. तेव्हा दिलं गेलेलं प्रमाण चमचा-दोन चमच्यांएवढं होतं. एका बॅगेपर्यंत पोचायला वेळ लागेल आणि खर्चही खूप आहे. पण ज्यांना दाता मिळायलाच दिवस लागतात, त्यांच्यासाठी हा मार्ग खुला राहिला पाहिजे.

तोवर भरवसा माणसांचाच. परळला केईएमच्या आवारात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची राष्ट्रीय इम्युनोहेमॅटॉलॉजी संस्था आहे. दुर्मीळ गटांच्या दात्यांची देशव्यापी नोंदवही ही संस्था ठेवते. बॉम्बे गटाचा दाता मिळाला तरी त्याचं रक्त फ्रिजमध्ये 35 ते 42 दिवसच टिकतं. ग्लिसरॉल घालून उणे 65 अंशांखाली गोठवलं तर 10 वर्षं. शस्त्रक्रिया आधीपासून ठरलेली असेल, तर रुग्ण स्वतःचं रक्तही साठवून ठेवू शकतो. आणि घरात एकाचा गट बॉम्बे निघाला, तर सख्ख्या भावंडांची तपासणी लगेच करून घ्यावी. आई-वडिलांकडे या जनुकाची सहसा एकेकच सदोष प्रत असते, त्यामुळे त्यांच्या रक्तावर एच असतो आणि ते चालत नाही. प्रत्येक भावंडाचा गट बॉम्बे असण्याची शक्यता मात्र चारात एक असते.