बहादूर निजामशाह

अहमदनगरच्या निजामशाहीचा अल्पवयीन सुलतान. गादीवरचा त्याचा हक्क १५९५ साली पुढे आला आणि १६०० साली अहमदनगरचा किल्ला पडला तेव्हा त्याची कारकीर्द संपली. या पाच वर्षांत राज्याचा एकही निर्णय त्याने स्वतः घेतला नाही, कारण तो अगदी लहान होता. पण ज्याच्या हाती हे मूल, त्याच्या हाती राज्य, हे दरबारातला प्रत्येक सरदार ओळखून होता. चाँदबिबीच्या पराक्रमाची गोष्ट महाराष्ट्रात घरोघरी सांगितली जाते. ती लढली ते याच मुलाच्या हक्कासाठी, ही बाजू मात्र त्या गोष्टीत बहुधा मागे पडते.

निजामशाहीची गादी त्याआधीच डळमळीत झाली होती. १५८८ साली मुर्तजा निजामशाहाचा त्याच्याच मुलाने, मीरान हुसेनने, जीव घेतला. वर्ष उलटण्याआधी मीरान हुसेनही मारला गेला. त्यानंतर सरदारांनी इस्माईलला बसवले आणि १५९१ मध्ये इस्माईलला हटवून त्याचाच बाप, दुसरा बुऱ्हाण निजामशाह, गादीवर आला. बुऱ्हाण १५९५ च्या एप्रिलमध्ये वारला. त्याचा मुलगा इब्राहीम जेमतेम चार महिने सुलतान होता. विजापूरच्या फौजेशी झालेल्या लढाईत तो पडला. मागे राहिला त्याचा तान्हा मुलगा बहादूर.

दख्खनी सरदारांचा पुढारी आणि पेशवा मियाँ मंजू याने बहादूरला बाजूला सारले आणि अहमद नावाच्या मुलाला गादीवर बसवले. अहमदचा बाप शाह ताहीर हा स्वतःला निजामशाही घराण्याचा म्हणवीत असे, पण त्याचा तो दावा पूर्वीच खोटा ठरला होता. बहादूरची रवानगी जुन्नरजवळच्या चावंड किल्ल्यावर झाली. नाणेघाटाच्या परिसरातला हा गड आजही पाहावा असा आहे. वर चढायला कातळात खोदलेल्या उंच, दमछाक करणाऱ्या पायऱ्या आहेत आणि माथ्यावर सलग सात टाकी. ही वाट पाहिली की एवढेसे मूल इथे का आणून ठेवले, ते वेगळे सांगावे लागत नाही.

अहमद राजवंशातला नाही, हे कळताच हबशी सरदार इखलासखान मंजूच्या विरोधात गेला. त्याने चावंडच्या किल्लेदाराकडे बहादूरला मागितले. मंजूच्या हुकमाशिवाय मूल देणार नाही, असे किल्लेदाराने कळवले. तेव्हा इखलासखानाने अहमदनगरच्या बाजारातून बहादूरच्याच वयाचे एक पोर उचलून आणले आणि मोती शाह म्हणून त्याच्या नावाची द्वाही फिरवली. तिकडे दुसरा हबशी सरदार अभंगखान पहिल्या बुऱ्हाण निजामशाहाचा मुलगा शाह अली याला घेऊन उभा राहिला. शाह अली सत्तरीचा होता. एका गादीला असे चार धनी झाले आणि त्यांतला एकही स्वतःच्या बळावर उभा नव्हता.

मंजूने याच धांदलीत गुजरातेत असलेल्या अकबराच्या मुलाला, शाहजादा मुरादला, मदतीला बोलावले. मुघल फौज येण्याआधीच इखलासखानाची बाजू कोसळली आणि मंजूला आपल्या बोलावण्याचा पश्चात्ताप झाला, पण वेळ निघून गेली होती. निजामशाहीच्या ऱ्हासात या एका पत्राइतका मोठा घाव दुसरा नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. अकबराचा डोळा दख्खनवर होताच. दार मात्र आतून उघडले गेले.

किल्ला अन्सारखानाच्या हवाली करून मंजू अहमदसह औशाकडे निघून गेला. हुसेन निजामशाहाची मुलगी आणि विजापूरच्या अली आदिलशाहाची विधवा चाँदबिबी त्या वेळी किल्ल्यातच होती. तिने अन्सारखानाला मारवून कारभार हाती घेतला आणि बहादूरच्या नावाने द्वाही फिरवली. मूल तेव्हाही चावंडवरच होते. डिसेंबर १५९५ मध्ये मुराद आणि मुघल सेनापती खानखानान अब्दुर्रहीम यांनी वेढा घातला. अभंगखान रात्रीच्या अंधारात मुघलांची फळी फोडून काही शिबंदीसह आत शिरला. म्हाताऱ्या शाह अलीला मात्र मागे फिरावे लागले. फेब्रुवारी १५९६ मध्ये तटाखालचा एक सुरुंग उडाला आणि मोठे खिंडार पडले. चाँदबिबी चिलखत चढवून, तोंडावर बुरखा घेऊन, हाती नंगी तलवार धरून खिंडाराशी उभी राहिली. दिवसभर हल्ले परतवले आणि रातोरात भिंत पुन्हा उभी केली. गोळे संपल्यावर तिने तोफांत सोन्यारुप्याची नाणी भरली, ही मात्र दंतकथा समजावी.

तह झाला. १५७४ साली निजामशाहीने जिंकलेला वऱ्हाड मुघलांना गेला आणि त्याच्या बदल्यात बहादूर अहमदनगरचा सुलतान म्हणून मान्य झाला. त्यानंतर त्याला चावंडहून आणून गादीवर बसवण्यात आले. मंजूने अहमदचा हक्क पुन्हा काढला, पण विजापूरच्या दुसऱ्या इब्राहीम आदिलशाहाने दोघांना आपल्याकडे बोलावून तो वाद मिटवला.

बाहेरचे प्रतिस्पर्धी गेले तरी मुलाभोवतीची ओढाताण थांबली नाही. आधी महंमदखान आणि मग अभंगखान असे पेशवे बदलले आणि दोघांशीही चाँदबिबीचे बिनसले. अभंगखान बहादूरला ताब्यात घेऊन तिला कैद करणार, असे दिसताच तिने किल्ल्याचे दरवाजे लावून घेतले. १६०० साली शाहजादा दानियाल आणि खानखानान यांचा वेढा पडला तेव्हा अभंगखान जुन्नरकडे निघून गेला. किल्ला देऊन बहादूरला सुखरूप जुन्नरला न्यावे, असा विचार चाँदबिबीने बोलून दाखवला. ती मुघलांना फितूर झाली अशी हाकाटी उठली आणि चवताळलेल्या जमावाने महालात घुसून तिला ठार केले. ऑगस्टमध्ये किल्ला पडला. बहादूरला ग्वाल्हेरच्या किल्ल्यात कैदेत ठेवले.

राज्य तरीही बुडाले नाही. मलिक अंबर आणि इतर सरदारांनी परांड्याला दुसरा मुर्तजा निजामशाह गादीवर बसवला. मुघलांच्या फळीपाशी ज्या म्हाताऱ्या शाह अलीला मागे फिरावे लागले होते, त्याचाच हा मुलगा.